शुगरचं तीन महिन्यांचं पॅकेज: सेन्सर ठीक, पावडर नको, डॉक्टर एक नंबर

आधीच सांगतो, पाचात साडेतीन स्टार. त्यातले दोन एकट्या डॉक्टरांचे, एक सेन्सरचा, आणि अर्धा डिलिव्हरीवाल्या पोराचा, कारण तीन महिन्यांत त्यानं एकदाही "सर लोकेशन पाठवा" म्हणून पिडलं नाही. पावडरीला शून्य. क्लिनिकचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. असली पॅकेजं आता पुण्यात गल्लोगल्ली झालीत आणि सगळ्यांचा मसाला थोड्याफार फरकानं तोच, त्यामुळं तुम्ही कुठलंही घेणार असाल तरी वाचून ठेवा.

मी ४४ वर्षांचा, भोसरी एमआयडीसीत परचेसला, म्हणजे दिवसभर खुर्ची, फोन आणि चहा. कंपनीच्या वार्षिक चेकअपमध्ये एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांच्या शुगरची सरासरी) ६.१ आलं, उपाशीपोटी शुगर १०८, आणि रिपोर्टवर लाल अक्षरात एक ओळ. मला कोणी जाड म्हणत नाही बरं का. हातपाय काड्या, गाल बसलेले, फक्त पोट पुढं, ते पण शर्ट बाहेर काढला की झाकतं. उंची १७०, वजन ७८.४. बाबांना शुगर, आत्याला शुगर, त्यामुळं आमच्या घरात हा विषय गळक्या छतासारखा, सगळ्यांना माहितीये पण शिडी कोणी लावत नाही. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पार्टी दिवसातून दोनदाच जेवा म्हणणारी, दुसरी दर दोन तासांनी खा म्हणणारी, रोज भांडतात, आणि गेट-टुगेदरला बघितलं तर दोन्ही पार्ट्यांची पोटं माझ्याएवढीच. म्हटलं जाऊ दे, पैसे टाकू आणि एकदाच काय ते बघू.

पॅकेज १९,५०० चं. त्यात दंडाला चिकटवून शुगर फोनवर दाखवणारे १४-१४ दिवसांचे दोन सेन्सर, रक्ताच्या तपासण्या सुरुवातीला एकदा नि शेवटी एकदा, बॉडी कॉम्पोझिशनचं मशीन, डॉक्टरांच्या दोन भेटी, ॲप, व्हॉट्सॲपवर कोच आणि "सूज कमी करणारी" पावडर, तीन डबे. मी म्हटलं पावडर काढा आणि तेवढे पैसे कमी करा, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली सर ती कॉम्प्लिमेंटरी आहे. डब्यावर १,४५० छापलंय. फुकट द्यायच्या वस्तूवर किंमत कशाला छापतात हा परचेसवाल्याचा प्रश्न, असो.

मशीनचं पटकन सांगतो. अनवाणी उभं राहायचं, दोन दांडे हातात धरायचे, अंगातून बारीक करंट जातो, तो कळतही नाही, आणि मिनिटभरात कागद बाहेर. फॅट ३१ टक्के. मला वाटलं मशीन बिघडलंय. तासाभरानं हट्टानं परत उभा राहिलो तर २९.६. म्हणजे दशांशाच्या पुढच्या आकड्याला भुलू नका, ते मशीन चरबी मोजत नाही, करंट कुठं अडला ते बघून अंगातल्या पाण्याचा नि चरबीचा अंदाज बांधतं. ढोबळ चित्र मात्र खरं निघालं. नर्सनं साध्या टेपनं कंबर मोजली, ९८ सेंटीमीटर. आपल्याकडं पुरुषाची ९० च्या वर गेली की धोका धरतात, बायकांची ८०. शिंप्याकडचा टेप वीस-तीस रुपयांत येतो, हे मी काउंटरवर बोललो नाही.

आता मेन गोष्ट. डॉक्टर मॅडम साठीच्या असतील, चष्मा दोरीला, टेबलावरचा लॅपटॉप बंद. भेट दहा मिनिटांची लिहिली होती, त्यांनी पस्तीस घेतली, बाहेर दोन पेशंट चुळबुळ करत होते. मी नेहमीचं रडगाणं लावलं, मॅडम मी गोड फारसं खात नाही, चहा पण अर्धा चमचा, मग शुगर वाढली कशी? त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं. म्हणाल्या, "खाल्लेली साखर रक्तातून उचलणार कोण? मांड्या बघा तुमच्या." जरा लागलं मला. मग शिक्षण विचारलं, म्हटलं बीएस्सी मायक्रो, नंतर एमबीए करून खरेदी खात्यात अडकलो. झालं, त्यांना जोरच आला, माझाच रिपोर्ट उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं काढायला लागल्या. तो कागद अजून आहे माझ्याकडं, फ्रिजवर लावलाय.

त्यांनी जे सांगितलं ते माझ्या भाषेत सांगतो, कारण आमच्या कंपनीचं गेट डोळ्यासमोर आलं की मला ते लक्षात राहतं. जेवल्यावर इन्शुलिन सुटतं आणि त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. माणसांना इन्शुलिनची ड्रिप लावून मोजलंय तेव्हा शरीरानं उचललेल्या साखरेपैकी ८० टक्क्यांपर्यंत स्नायूंच्या पोटात गेली असं दिसलंय. आता स्नायूच्या पेशीला साखर आत घ्यायची दारं असतात, त्यांचं नाव ग्लुट-४, पण ती भिंतीत बसवलेली नसतात, एरवी आत गोडाऊनमध्ये पडून असतात. इन्शुलिन बाहेरून बेल वाजवतं, आत आयआरएस-१ नावाच्या प्रोटीनवर सही होते, तिथून कागद पीआय-३ कायनेजकडं, तिथून एकेटीकडं, आणि एकेटीची ऑर्डर निघाली की दारं उचलून भिंतीला आणून लावतात, साखर आत. आमच्याकडं गेटपासला सिक्युरिटी, स्टोअर, क्यूसी अशा सह्या लागतात तसंच अगदी.

ही सही टायरोसिनच्या रकान्यात, म्हणजे त्या प्रोटीनवरच्या ठरलेल्या जागी, व्हायला लागते. अंगात सूज असली की जेएनके आणि आयकेके असे दुसरेच दोन बाबू मधे घुसतात आणि सेरीनच्या रकान्यात शिक्का मारून मोकळे होतात. कागद आहे, शिक्का आहे, रकाना चुकीचा. परचेसमधल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, माझे ट्रक दोन-दोन दिवस गेटवर याच कारणानं उभे राहिलेत. साखर बाहेरच तिष्ठत बसते, स्वादुपिंडाला वाटतं बेल ऐकू गेली नाही, ते अजून इन्शुलिन सोडतं, आणि अशी कित्येक वर्षं जातात ज्यात शुगरचा रिपोर्ट नॉर्मल येतो कारण जास्तीच्या इन्शुलिननं कसंबसं भागतंय. माझं उपाशीपोटीचं इन्शुलिन १६.२ निघालं. त्याला शुगरनं गुणायचं आणि ४०५ नं भागायचं, त्याला होमा म्हणतात, जेवढा आकडा मोठा तेवढं इन्शुलिन कमी लागू पडतंय, माझं आलं ४.३. मॅडमनी आकड्याखाली दोन रेघा मारल्या, बोलल्या काही नाहीत.

मी विचारलं पण सूज आहे कुठं? मला तर कुठं दुखत नाही. म्हणाल्या, "ही पाय मुरगळल्यावर येते ती सूज नव्हे. शेगडीत राखेखाली निखारा असतो ना, तशी असते. पोटातल्या चरबीत."

चरबीच्या पेशीत माल कोंबत राहिलं की ती फुगत जाते, एका हद्दीनंतर तिला रक्तपुरवठा आणि ऑक्सिजन पुरत नाही, ती आजारते, काही मरतात. मेलेली पेशी साफ करायला मॅक्रोफेज येतात. मॅक्रोफेज! वीस वर्षांनी टीवायचं जर्नल डोळ्यासमोर आलं. हे साफसफाईवाले मेलेल्या पेशीभोवती कोंडाळं करून बसतात, मायक्रोस्कोपखाली ते मुकुटासारखं दिसतं. आणि नुसते बसत नाहीत, टीएनएफ-अल्फा, आयएल-१ बीटा असली सूज वाढवणारी रसायनं सोडतात, शिवाय अजून मॅक्रोफेजना सांगावा धाडतात, म्हणजे काम संपतच नाही आणि गर्दी वाढत जाते. २००३ साली अमेरिकेतल्या एका गटानं अंदाज काढला होता, बारीक माणसाच्या चरबीत मॅक्रोफेज १० टक्क्यांच्या आत आणि लठ्ठ माणसाच्या चरबीत जवळपास ४० टक्के. त्याच्याही आधी १९९३ मध्ये होतामिसलिगिल आणि स्पीगलमन यांच्या गटानं दाखवलं होतं की लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा जास्त बनतं आणि ते अडवलं की इन्शुलिन परत बऱ्यापैकी लागू पडतं. तोवर चरबी म्हणजे नुसतं तेलाचं पिंप असं समजायचे, तिथून ती आगाऊपणा करणारी आहे हे कळायला लागलं. ही रसायनं रक्तातून स्नायूपर्यंत जातात आणि तिथं जाऊन ते सेरीनवाले बाबू जागे करतात.

शिवाय फुगलेली चरबी गळायला पण लागते. तिच्यातून सुटलेली फॅटी ॲसिड्स स्नायूत जाऊन साठतात, तिथं त्यांचं डायॲसिलग्लिसेरॉल नि सेरामाइड होतं, आणि ही दोघं पण तोच गेटपास अडवतात, रस्ता वेगळा असेल पण ट्रक बाहेरच. आणि स्नायूच्या धाग्यांच्या मधल्या फटीतही चरबी जमते, तिथंही मॅक्रोफेज येऊन बसतात, म्हणजे सूज नुसती पोटातून पार्सल येत नाही, लोकल पण तयार होते. मटणवाल्याकडं मांसाच्या मधे पांढरे पट्टे दिसतात ना, मॅडम म्हणाल्या ते. त्या रविवारी मटण घेताना मी जरा जास्तच वेळ बघत उभा होतो, खाटीक विचारतो काय साहेब, काय हरवलं?

मी म्हटलं पण मॅडम माझं वजन असं कितीसं आहे. त्यावर त्यांनी एक किस्सा सांगितला जो प्रत्येक पुणेकराला माहीत असायला पाहिजे. आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन, दोघं शेजारी शेजारी उभे असलेला फोटो २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. बारीक दिसणारा पण आतून चरबीवाला, हे आपलं हिंदुस्थानी मॉडेल, स्नायू कमी आणि चरबी पोटात. म्हणून तर आपल्याकडं बीएमआय २३ लाच घंटा वाजवतात आणि २५ ला लठ्ठ म्हणतात, माझा २७ होता आणि मी स्वतःला काटक समजत होतो. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या देशभरच्या अभ्यासाचा अंदाज आला, डायबेटिसवाले १० कोटींच्या वर आणि माझ्यासारखे काठावरचे साडेतेरा कोटींच्या वर. एवढ्या मोठ्या काठावर उभं राहूनही एकटं वाटतं हे वेगळं.

मला या बाईंचं आवडलं ते म्हणजे त्यांनी गोष्ट जेवढी आहे तेवढीच सांगितली. मी लगेच हुशारी केली, मग रोज एक डिस्प्रिन खाऊ का, सूज गेली की शुगर गेली? तर हसल्या. म्हणाल्या ही हुशारी जुनी आहे, १८७६ मध्येच एब्श्टाइन नावाच्या जर्मन डॉक्टरला दिसलं होतं की सॅलिसिलेट, म्हणजे डिस्प्रिनच्याच कुळातलं औषध, भरपूर दिलं की लघवीतली साखर कमी होते. त्याच जातीचं सालसालेट हे औषध अमेरिकेत डायबेटिसवाल्यांना वर्षभराच्या आसपास देऊन बघितलं, २०१३ मध्ये निकाल आला, एचबीएवनसी ०.३७ नं उतरलं, आणि दुसरीकडं लघवीतून प्रोटीन जायचं प्रमाण जरा वाढलं. टीएनएफ अडवायचं औषध डायबेटिसवाल्यांना १९९६ मध्येच देऊन झालं, फरक शून्य. आणि २०१७ मधली ती मोठी कॅन्टोस ट्रायल, १० हजारांवर पेशंट, आयएल-१ बीटा अडवणारं महागडं इंजेक्शन, हार्टचे त्रास कमी झाले पण नवीन डायबेटिस काही थांबला नाही. "सूज आहे, ती त्रास देते, हे खरं," म्हणाल्या, "पण ती एकटी नाही. निखाऱ्यावर पाणी मारत बसण्यापेक्षा लाकडं ओढून काढा. आणि डिस्प्रिन मनानं घेऊ नका, पोटात रक्तस्राव होईल."

लाकडं म्हणजे पोट. चार-पाच किलो वजन कमी, रात्री जेवल्यावर वीस मिनिटं चालणं, आणि आठवड्यातून तीन दिवस बैठका. जिम नाही, मशीन नाही, बैठका. कारण स्नायू आकुंचन पावला की सहीबिही न बघता आतून मागचं शटर उघडतं, ग्लुट-४ इन्शुलिनशिवायच भिंतीला येऊन लागतात, त्याचा रस्ता वेगळा, एएमपीके वगैरे. सूज कितीही असू दे, हे शटर चालू असतं. आणि व्यायाम झाल्यावर एक-दोन दिवस इन्शुलिनची बेलही जरा नीट ऐकू येते. हे ऐकल्यावर मला वाटलं अरे मग एवढे १९,५०० कशाला भरले, माझे आजोबा तालमीत जायचे, त्यांनी हे फुकट सांगितलं असतं.

आता सेन्सर. दंडाच्या मागच्या बाजूला टक्कन बसतो, दुखत नाही, वर गोल बिल्ला दिसतो आणि ऑफिसात निदान सात जण विचारतात. शुगर रक्तातली नाही मोजत, कातडीखालच्या पाण्यातली मोजतो, त्यामुळं पाच-दहा मिनिटं मागं असतो. पहिले चार दिवस मी वेड्यासारखा दर पंधरा मिनिटांनी फोन बघत होतो. पोह्यांना १६२, आषाढीच्या साबुदाण्याच्या खिचडीला १९६, उपवास हा शब्द परत घ्यावा लागला घरात. आई म्हणाली, "अरे, देवाच्या दिवशी तरी ते यंत्र काढून ठेव."

दुसऱ्या की तिसऱ्या रात्री मोठाच सीन झाला. पहाटे तीनला फोन बोंबलायला लागला, बायको दचकून उठली, "अरे ऊठ, ५८ दाखवतंय!" मी अर्धवट झोपेत, ती किचनमधून साखरपाणी घेऊन आली, आई उठली, बाबा त्यांचा ग्लुकोमीटर घेऊन आले, बोट टोचलं तर १०४. मी डाव्या दंडावर झोपलो होतो, सेन्सर दबला की खोटी कमी शुगर दाखवतो. हे बॉक्समधल्या कागदावर बारीक अक्षरात असेलही, पण १९,५०० घेताना तोंडानं सांगायला काय जातं? साखरपाणी मात्र तोवर पिऊन झालं होतं, त्याचा ग्राफ वेगळा, १५१.

पण एका प्रयोगाचे पैसे वसूल झाले. मंगळवारी आणि बुधवारी बायकोनं मुद्दाम तेच जेवण केलं, दोन पोळ्या, फ्लॉवरची भाजी, एक मूद भात, वरण. मंगळवारी जेवून सोफ्यावर आडवा, पावणेदोन तासांत १७४ पर्यंत चढली. बुधवारी जेवून चप्पल घातली, सोसायटीला सहा फेऱ्या, येताना लिफ्ट सोडून चार मजले जिना, वरती १४१ च्या पुढं गेलीच नाही. तेच ताट, तोच माणूस. एका माणसाचा एक प्रयोग म्हणजे शास्त्र नव्हे हे मला पण कळतं, नंतर तीनदा करून बघितलं, दोनदा तसंच आलं, एकदा नाही आलं कारण त्या दिवशी ऑफिसात व्हेंडरनं पेढे आणले होते आणि मी ते मोजले नव्हते. मागचं शटर म्हणजे काय ते त्या बुधवारी फोनवर दिसलं.

एक गोष्ट मात्र सेन्सर विकताना कोणी सांगत नाही. सेन्सर शुगर दाखवतो, इन्शुलिन नाही. माझी शुगर १४० आली ती स्नायूनं आरामात उचलून आली की स्वादुपिंडानं घाम गाळून आली, हे त्या बिल्ल्याला काय कळणार. ॲपवर मात्र रोज "मेटाबॉलिक स्कोअर" यायचा, ८२, ७९, ९१, जणू आतलं सगळं बघून आलेत. ज्या दिवशी सेन्सर दबून खोटी कमी शुगर दाखवली त्या दिवशी माझा स्कोअर सगळ्यात चांगला होता. पहिला सेन्सर उपयोगाचा, दुसऱ्यानं नवीन काही सांगितलं नाही, एकच घ्या.

पावडरीवर येतो. डब्यावर हळदीचा अर्क, मिरी, सुंठ, अजून दोन-तीन नावं. आईनं वास घेतला आणि म्हणाली, "हे तर घरातच आहे की रे सगळं." हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून फार कमी शोषलं जातं म्हणून मिरी घालतात, तिथवर ठीक. पण इंजेक्शनं देऊन जे जमलं नाही ते सकाळी एक चमचा पावडर कोमट पाण्यातून करणार, असं डब्यावर नाही पण कोचच्या मेसेजमध्ये रोज असायचं. आणि खरी गडबड पुढं झाली. सुरुवातीच्या तपासणीत एचएस-सीआरपी होतं, अंगातली सूज मोजायचं ढोबळ माप, १ च्या खाली चांगलं, ३ च्या वर जास्त. माझं ७.८ आलं. मी रक्त दिलं त्या आठवड्यात मला घसा-सर्दी-ताप सगळं होतं, नाक पुसत पुसतच लॅबमध्ये गेलो होतो, आणि साध्या सर्दीनंही सीआरपी चढतं. लॅबवाल्यानं विचारलं नाही, मला तेव्हा माहीत नव्हतं. तीन महिन्यांनी आलं २.६. लगेच ॲपवर फटाके, "तुमची सूज ६७ टक्क्यांनी कमी!" आणि खाली पावडरीच्या डब्याचा फोटो.

फक्त मी खरेदी खात्यातला माणूस, एका कोटेशनवर विश्वास ठेवत नाही. पहिल्या भेटीतच डॉक्टर मॅडमनी नाक बघून सांगितलं होतं सर्दी गेल्यावर परत करा, म्हणून दोन आठवड्यांनी पदरचे पैसे घालून परत केलं होतं, ते आलं होतं ३.४. म्हणजे खरी उतरण ३.४ वरून २.६, आणि तीही कंबर सहा सेंटीमीटरनं कमी झाल्यावर. शिवाय पावडर मी पहिल्या महिन्यानंतर घेतलीच नव्हती, ॲसिडिटी व्हायला लागली म्हणून बंद केली, कोचला सांगितलं पण होतं. पण तोवर कोच बदलली होती. तीन महिन्यांत तीन कोच, प्रत्येकीनं नव्यानं विचारलं सर तुमचा गोल काय आहे. पोरी वाईट नाहीत हो, एकेकीकडं शंभर-शंभर पेशंट असणार, रात्री साडेदहाला "सर आज डिनर लॉग केलं नाही" असा मेसेज टाकणाऱ्या पोरीवर काय चिडायचं. ३.४ चा रिपोर्ट ॲपमध्ये टाका म्हटलं तर बाहेरच्या लॅबचा चालत नाही.

शेवटचे आकडे, ज्यांना हवेत त्यांच्यासाठी. वजन ७८.४ वरून ७३.९, कंबर ९२, एचबीएवनसी ५.७, उपाशीपोटी शुगर ९९, इन्शुलिन ११, म्हणजे होमा ४.३ वरून २.७. अजून काठावरच आहे, पण पाण्याकडच्या बाजूला नाही. बैठका आठवर सुरू केल्या होत्या, पहिल्या दिवसानंतर जिना उतरताना कठड्याला धरत होतो, आता वीसचे तीन सेट होतात. पॅन्टला मांडीजवळ घट्ट वाटतंय आणि कमरेला सैल, आयुष्यात पहिल्यांदा असं उलट झालंय, शिंपी म्हणाला साहेब दोन्ही जमणार नाही, नवीन शिवा.

दुसऱ्या भेटीला डॉक्टर मॅडमनी तो पेन्सिलीचा कागद मागितला (मी फोटो दाखवला, कागद फ्रिजवर) आणि चुकीच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाल्या, हा शिक्का पुसला जातो, पण बैठका सोडल्या की परत बसतो.

परवा रिन्यूअलसाठी फोन आला. १५ टक्के डिस्काउंट आणि पावडरीचे चार डबे फ्री. मी म्हटलं डबे ठेवा, सेन्सर ठेवा, मला फक्त मॅडमची दर तीन महिन्यांनी एक भेट द्या, त्याचे काय होतील ते सांगा. पलीकडून बराच वेळ कीबोर्डचा आवाज, मग "सर, सिस्टिममध्ये तसं ऑप्शन नाहीये." नंतर कळलं की मॅडम रोज सकाळी चिंचवडला त्यांच्या स्वतःच्या दवाखान्यात बसतात, फी ६००. गेल्या मंगळवारी गेलो. नंबर सातवा, आत बाकडं एकच आणि ते भरलेलं, म्हणून बाहेर व्हरांड्यात वीस बैठका काढल्या. कंपाउंडरनं दारातून बघितलं, विचारलं, "मॅडमचेच पेशंट ना?"